प्रोजेक्ट चालला, पण संशोधन झालं का?

कॉलेजच्या मुलांनी स्वतः चालवलेली इलेक्ट्रॉनिक्स कार्यशाळा म्हटली की एक प्रोजेक्ट हमखास असतो: जमिनीतला ओलावा मोजून पंप चालू-बंद करणारं सर्किट. छत्रपती संभाजीनगरात तर तो हवाच, कारण आजूबाजूला कापसाची काळी जमीन आणि पाण्याची ओढ. सेन्सर मातीत खोचला, पाणी ओतलं, पंप थांबला, टाळ्या पडल्या. पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या तुमच्यासाठी खरं काम इथून पुढे सुरू होतं.

आकडा म्हणजे ओलावा नव्हे

आर्डुइनो उनो ० ते १०२३ मधला आकडा देतो. समजा ६१२ आला, तर ओलावा किती? ते तुम्हालाच शोधावं लागतं. पद्धत जुनी आहे. ओल्या मातीचं वजन करा, ओव्हनमध्ये १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवा, पुन्हा वजन करा. १०० ग्रॅमची ८० ग्रॅम झाली, म्हणजे पाणी २० ग्रॅम. मग ओलावा २० टक्के? नाही. भागायचं कोरड्या वजनाने, म्हणून २५ टक्के. कोरड्यापासून चिखलापर्यंत आठ-दहा नमुने असे मोजले की आकडा आणि ओलावा यांचा आलेख मिळतो. हेच कॅलिब्रेशन.

सेन्सर कुठे फसतो?

दोन उघड्या पट्ट्यांचा स्वस्त सेन्सर मातीतून वीज किती सहज जाते ते बघतो. जमीन खारवट असली तर पाणी तेवढंच असूनही माती जास्त ओली दिसते. सतत डीसी दिला तर पट्ट्या झिजतात आणि आकडा हळूहळू सरकत जातो.

कपॅसिटिव्ह सेन्सरचा धातू झाकलेला असतो, त्यामुळे ही झीज टळते. तो डायइलेक्ट्रिक स्थिरांकातला फरक पकडतो: पाण्याचा सुमारे ८०, हवेचा १. पण काळी माती वाळताना आक्रसते, भेगा पडतात. भेग नेमकी सेन्सरला लागून पडली तर तो माती सोडून हवा मोजतो. ढेकळात ओल असते, तरी पंप सुरू होतो.

बघा, प्रश्न सापडला: भेगाळलेल्या काळ्या मातीत सेन्सर किती चुकतो, आणि ती चूक कमी कशी करायची? ‘स्मार्ट सिंचन’ हे नुसतं शीर्षक झालं. हा प्रश्न मात्र मोजता येतो, आणि त्याच्या उत्तरावर कुणाचं तरी कापसाचं एक पाणी अवलंबून असतं.

वही कुणाची?

पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने अवकाशात गेला. वजन एक किलोच्या आत. दिशा स्थिर ठेवायला त्यात मोटर नव्हती, चुंबकाने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेतला होता. काम सुरू झालं २००८ मध्ये. पदवी चार वर्षांची, म्हणजे सुरुवात करणारी तुकडी उड्डाणाच्या कितीतरी आधी बाहेर पडलेली. असं काम एका तुकडीने दुसरीच्या हाती नीट सोपवलं तरच तडीस जातं.

म्हणून तुमच्या कार्यशाळेत पहिल्या दिवसापासून एक सामायिक वही ठेवा. तारीख, माती कुठली, सेन्सर कोणता, व्होल्टेज किती, आकडा काय आला, सगळं लिहा. फसलेली वाचनंही खोडू नका. उद्या मुलाखतीत कुणी विचारलं, ‘हा आकडा खरा कशावरून?’ तर उत्तर त्याच वहीत मिळेल.