चिखल, चाक आणि दोन बोटे अंतर

काळ्या रानात पावसाळ्यात माणूस सायकलवर बसत नाही, सायकलच माणसावर बसते. माजलगाव तालुक्यात ज्याने दोन-चार पावसाळे काढले आहेत त्याला हे वेगळे सांगायला नको. विजार गुडघ्यापर्यंत खोचलेली, चपला हातात, सायकल खांद्यावर आणि चाकांचा चिखल पाठीवर ओघळतो आहे, अशा थाटात माणूस डांबरी सडकेला लागला की आधी काडी शोधतो. चिखल खरवडायला. मी बँकेत असताना पीककर्जाच्या पाहणीसाठी या भागात पुष्कळ हिंडलो आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो. एका गोष्टीचे मला तेव्हापासून नवल वाटत आले आहे. बियाणे, खते, बैलजोडी, पाण्याचा पंप यांवर आपल्याकडे तासन्‌तास चर्चा झडते. पण शाळेतली पोरे ज्या दोन चाकांवर रोज ये-जा करतात त्यांच्या टायरविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. दुकानदार देईल तो टायर आपला.

या चिखलाचा स्वभाव आधी समजून घ्यायला हवा. आपली काळी जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेली. तिचे कण अतिशय बारीक, आणि मॉन्टमोरिलोनाइट जातीचे जे खनिज तिच्यात असते ते पाणी पिऊन फुगते, वाळले की आकसते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच कारणाने. गंमत अशी, की ही माती सर्वांत जास्त चिकटते ती भर पावसात नव्हे. पाऊस कोसळत असताना ती पातळ असते. घसरवते, पण सुटते. पाऊस थांबून ऊन पडले, की काही तासांनी तिला खरा चिकटा येतो. मग ती टायरवर थरावर थर चढत जाते आणि शंभर पावलांत सायकलची भाकरीची परात होते. पुढे वापसा आला की तीच माती शहाण्या मुलासारखी वागू लागते. वापसा हा शब्द शेतकरी पेरणीसाठी वापरतो. सायकलवाल्यानेही वापरायला हरकत नाही.

चिखल म्हणजे पावसाळा, असे शहरातल्या माणसाला वाटते. माजलगावात हिवाळ्याचाही चिखल असतो. सिंदफणा नदीवरचे माजलगाव धरण १९८७ साली पूर्ण झाले. जायकवाडी प्रकल्पाचा हा दुसरा टप्पा. पैठणच्या उजव्या कालव्याचे पाणी थेट इथवर येते. त्या पाण्याने ऊस आला आणि उसामागोमाग पांदणीतला चिखलही आला. कार्तिक-मार्गशीर्षात आभाळ निळेशार असते, सकाळी अंगावर शाल घ्यावी लागते, आणि तरीही पाटाला पाळी सुटली की रात्रीतून कोणाचे तरी दंड फुटतात आणि पांदण भरून जाते. पण हा चिखल वेगळा. पावसाळ्यात जमीन खोलवर भिजलेली असते. हिवाळ्यात वरची चार बोटे ओली, आणि खाली बैलगाड्यांनी व ट्रॅक्टरांनी दाबून टणक केलेली वाट. टायर निवडताना हा फरक फार महत्त्वाचा आहे. मला तो नेमका उलगडून सांगितला तो एका ऊसतोड कामगाराने.

त्याच्या घराशी माझी ओळख बँकेच्या दिवसांतली. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यावर जायचे ते पाच-सहा महिन्यांनी परतायचे. गेल्या वर्षी त्यांची धाकटी आठवीत गेली. गावची शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा साडेसहा किलोमीटरवर. त्यातली दीड किलोमीटर पांदण, उरलेली पाच डांबरी. आईबाप फडावर गेल्यावर मुलगी आजीपाशी राहणार. निघण्याआधी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "साहेब, उचलीतून पोरीला सायकल घ्यावी म्हनतो. ती जाड टायरची निघालीय, तीच घेऊ का?"

उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेले पैसे. ते उसाच्या मोळ्या वाहून फेडायचे असतात. त्यातून घेतलेली सायकल चुकून चालत नाही. त्याची बायको दाराशी उभी होती. ती म्हणाली, "शाळा बुडाया लागली तर तिला बी संगं न्यावं लागंल. मंग झालं." पुढचे ती बोलली नाही. बीड जिल्ह्यात मुलींची लग्ने कोवळ्या वयात का उरकली जातात याची जी कारणे आहेत, त्यांत उसाच्या फडावर वयात येणारी मुलगी सांभाळायची कशी, ही धास्ती मोठी आहे. म्हणजे प्रश्न दिसायला टायरचा होता.

तो म्हणत होता ती चार इंच रुंद टायरची सायकल. अलीकडे शहरांतल्या पोरांना तिचे वेड लागले आहे. मोटारसायकलसारखी दिसते, हे तिचे मुख्य भांडवल. ती मुळात बर्फ आणि मऊ वाळू यांच्यासाठी तयार झाली. रुंद टायर तिथे रुतत नाही. माउंटन सायकलचा जरा कमी जाड, गाठीगाठींचा टायरही चिखलासाठी जन्मला असे नाही. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीतली काही हौशी पोरे फुगीर टायरच्या जुन्या सायकली डोंगरावर नेऊन उतारावरून सोडत असत. १९७६ पासून तिथे 'रीपॅक' नावाची शर्यतच सुरू झाली. उतरताना ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि नवे भरावे लागे, म्हणून ते नाव. त्या उतारांवर धूळ होती, खडी होती. आपल्याकडे 'डोंगरी टायर कुठेही चालतो' असा जो समज आहे त्याला माजलगावची पांदण पुरून उरते.

मी हे सगळे त्याला सांगितले, अर्थात कॅलिफोर्निया वगळून. तो स्वतः टायरगाडी हाकणारा माणूस. कारखान्याची ती रबरी टायरची बैलगाडी, जिच्यावर ऊस डोक्याच्या वर रचलेला असतो. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "खरंय. आमच्या वडलांच्या गाडीला लोखंडी धाव व्हती. दोन-अडीच बोटं रुंद. पाटाच्या पान्याच्या चिखलात ती कापीत जायची अन्‌ खालच्या कडक भुईला टेकायची. टायरगाडी वरच्या वर घसरती. पर सगळं रान भिजलं तर धाव आसापतूर रुतती, तिथं टायर बरा."

चिखलातल्या टायरचे सगळे शास्त्र या चार वाक्यांत आले आहे. खाली टणक तळ असेल तर अरुंद टायर घ्यावा. तो वरचा लगदा कापून तळाला पकड घेतो. तळच नसेल तर रुंद बरा. आणि भर पावसाळ्यात काळ्या रानात अरुंदही नको, रुंदही नको, खांदाच बरा. युरोपात सायक्लोक्रॉस नावाचा सायकलशर्यतीचा प्रकार आहे. बेल्जियममध्ये तर तो भलताच लोकप्रिय. ऐन हिवाळ्यात, शेतातल्या आणि कुरणातल्या चिखलातून ही शर्यत चालते. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे तिथे टायर ३३ मिलिमीटरहून रुंद चालत नाही, म्हणजे जेमतेम सव्वा इंच. स्पर्धक त्यात हवा कमी ठेवतात. वाटेच्या बाजूला त्यांची दुसरी सायकल धुऊन तयार असते. पहिली चिखलाने जड झाली की ती टाकून दुसरी घ्यायची. आणि जिथे चालवणे अशक्य तिथे जगज्जेताही खाली उतरतो, सायकल खांद्यावर टाकतो आणि पळतो. आमच्या पांदणीतल्या शेतकऱ्याला कोणी पदक देत नाही, एवढाच काय तो फरक.

आता गाठी. दुकानात टायर पाहताना लोक गाठी किती दाट आहेत ते बघतात. दाट म्हणजे मजबूत, असा हिशेब. चिखलासाठी तो उलटा आहे. गाठी उंच हव्यात आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा हवी, म्हणजे चाक फिरताना माती बाहेर फेकली जाते. दाट गाठींत माती एकदा बसली की टायर गुळगुळीत झाल्यासारखाच. मात्र विरळ उंच गाठींचा टायर डांबरीवर भुणभुणतो, जड जातो आणि लवकर झिजतो. या मुलीला तर पाच किलोमीटर डांबरी होती. म्हणून मी म्हटले, पुढे विरळ गाठींचा घ्या, मागे असा घ्या की ज्याच्या मधोमध गाठींची सलग रांग असते आणि कडेला मोकळ्या गाठी. पुढचे चाक घसरले तर माणूस पडतो. मागचे घसरले तर बहुधा सावरतो. रुंदी पावणेदोन ते दोन इंचांच्या आत. टायरच्या कडेवर बाण असतो, तो चाक फिरण्याच्या दिशेने बसवायचा. हा बाण घाईत हमखास उलटा बसतो.

पण टायरहून मोठी गोष्ट आहे ती टायरभोवतीची मोकळी जागा. हिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. काळ्या चिखलात कोणताही टायर शंभर टक्के स्वच्छ राहत नाही. चढलेला थर पुढचा चिमटा, मागच्या चेनजवळच्या दोन नळ्या आणि ब्रेक यांच्यामधून निघून जायला हवा. तिथे अंतर नसेल तर माती अडते, दाबली जाते आणि चाक जाम होते. आपल्या जुन्या काळ्या सायकलचे पत्र्याचे मडगार्ड टायरला इतके लागून असते, की त्यात चिखल सिमेंटसारखा बसतो. म्हणून जाणते शेतकरी मृगाच्या आधी मडगार्ड काढून माळ्यावर टाकतात. माझे माप सोपे आहे: टायर आणि सायकलचा सांगाडा यांच्यामध्ये वर आणि दोन्ही बाजूंना दोन बोटे गेली पाहिजेत. एकच बोट जात असेल तर एक नंबर कमी रुंदीचा टायर घ्यावा. डिस्क ब्रेकच्या सायकलला टायरच्या डोक्यावर ब्रेकची कैची नसते, तेवढी जागा वाचते. पण तो ब्रेक गावात दुरुस्त होईल का, हे आधी बघावे. ज्याची दुरुस्ती तालुक्याला न्यावी लागते ती वस्तू गरिबाने घेऊ नये, असे माझे बँकेतल्या नोकरीपासूनचे मत आहे.

आणखी एक घोळ दुकानात होतो. "सव्वीसचा टायर द्या," असे आपण म्हणतो. सव्वीसचे प्रकार एकाहून अधिक आहेत आणि ते एकमेकांना बसत नाहीत. लेडीज सायकलचा २६ बाय १ ३/८ आणि माउंटन सायकलचा २६ बाय १.९५ यांच्या रिंगांत तीन सेंटिमीटरचा फरक असतो. टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत दोन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ५०-५५९. पहिला रुंदीचा, दुसरा टायर जिथे रिंगेवर बसतो तिथल्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. लेडीज सायकलच्या त्या सव्वीसला दुसरा आकडा ५९०, जुन्या अठ्ठावीसच्या काळ्या सायकलला ६३५. हा दुसरा आकडा वहीत लिहून ठेवावा. दुकानदाराशी वाद घालावा लागत नाही.

हवेचे म्हणाल, तर चिखलात ती थोडी कमी हवी. टायर जरा पसरतो आणि धरतो. आठवीतल्या मुलीच्या वजनाला दोन इंची टायरमध्ये पंचवीस-तीस पौंड पुरेत. फार कमी केली तर दगडावर ट्यूब रिंगेत चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोके पडतात. आपल्याकडे त्याहून मोठा वैरी म्हणजे काटा. पांदणीच्या दोन्ही बाजूंना वेडी बाभूळ, खाली सराटे. शहरात आता ट्यूबशिवायचे टायर आणि भोक आपोआप बुजवणारे द्रव मिळते, पण खेड्यातल्या मुलीला जुना उपाय बरा: टाकून दिलेल्या टायरची पातळ पट्टी कापून ट्यूब आणि नव्या टायरच्या मध्ये घालायची. सायकल थोडी जड होते. शाळेची घंटा चुकण्यापेक्षा ते परवडले.

हवेच्या टायरचा जन्मही एका लेकरासाठीच झाला, हे जाता जाता सांगितले पाहिजे. हवा भरलेल्या चाकाचे पेटंट रॉबर्ट थॉमसनने १८४५ सालीच घेतले होते, पण ते मागे पडले. १८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीला रबरी नळी गुंडाळून हवा भरली, रस्त्यांवरचे हादरे कमी बसावेत म्हणून.

बापाने शेवटी साधी, बिनगियरची माउंटन सायकल घेतली. चार इंची जाडीपेक्षा ती कितीतरी स्वस्त पडली. उरलेल्या पैशांतून दोन टायर, पंप आणि पंक्चरचे सामान आले. मडगार्ड काढून त्याऐवजी सीटखाली उंच प्लॅस्टिकचे बसवले. आई मात्र टायरवर विसंबून राहिली नाही. फाट्यावरच्या टपरीवाल्या मावशींना तिने गाठले आणि ठरवून टाकले, की पाऊस असेल किंवा पाळी सुटली असेल त्या दिवशी सायकल टपरीमागे राहील. पोरगी पांदण पायी उतरेल आणि फाट्यावरून पुढे सायकल घेईल. आजीने पायरीशी एक मोडके खुरपे ठेवले आहे, टायर खरवडायला.

मार्गशीर्षात मी त्या बाजूला गेलो तेव्हा पाळी सुटलेली होती. पांदणीत चार बोटे चिखल होता आणि त्यातून एकच बारीक, सरळ रेघ गावाकडून फाट्याकडे गेली होती. मावशींना विचारले, तर म्हणाल्या, "पायी कुठली येती ती? चालवतच आली. सायकल इथं ठिवा म्हनलं, तर म्हनली परीक्षा हाय, उशीर व्हईल."