समुद्रावर वाट कुणी द्यायची?

आपल्या इस्लापूरपासून समुद्र फार दूर. आपलं पाणी म्हणजे पैनगंगा आणि सहस्रकुंडाचा धबधबा. पण गाडीवाट सगळ्यांच्या ओळखीची आहे. अरुंद वाटेवर दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या, तर काय होतं? रिकामी गाडी चाकोरी सोडते. भरली गाडी पुढं जाते. कारण भरल्या गाडीला वळणं अवघड.

समुद्रावर चाकोरी नाही. तरी तिथंही असाच रिवाज आहे. देशोदेशींच्या लोकांनी १९७२ साली तो लिहून काढला. १९७७ पासून तो लागू झाला. आपला देशही तो पाळतो.

शिडाची होडी वाऱ्यावर चालते. वारा समोरून आला, तर तिला सरळ जाता येत नाही. ती नागमोडी जाते. पण तिला कमी समजू नका. नौदलाचे दिलीप दोंदे २००९ साली मुंबईहून शिडाच्या होडीतून एकटेच निघाले. पृथ्वीला वळसा घालून ते २०१० साली परत आले. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांची होडी 'म्हादेई' गोव्यात बांधलेली होती.

अशी होडी आणि इंजिनाची बोट समोरासमोर आली, तर वाट कुणी द्यायची? इंजिनाच्या बोटीनं. ती हवी तिकडं वळू शकते. श्रीमंतांच्या सफरीच्या मोठ्या बोटीला यॉट म्हणतात. यॉट कितीही महागाची असो, ती इंजिनावर चालली असेल तर तिनंच बाजूला व्हायचं. समुद्रावर पैशाला मान नाही. शिडाच्या होडीनं इंजिन चालू केलं, तर तिचाही मान गेला. मग तीही इंजिनाचीच बोट.

पण शिडवाल्यानं काही गोष्टी ध्यानात ठेवायच्या. जाळं टाकून मासे धरणाऱ्या बोटीला त्यानं वाट द्यायची. मागून येऊन पुढं जायचं असेल, तर पुढच्याला सांभाळून जायचं. बंदराच्या अरुंद वाटेत मोठ्या जहाजाला आडवं जायचं नाही. जहाज ती खोल वाट सोडू शकत नाही. सोडली तर ते रुतेल. आणि ते चटकन थांबतही नाही.

दोन शिडाच्या होड्या भेटल्या तर? जिला डाव्या अंगानं वारा लागतो, तिनं वाट द्यायची. दोन इंजिनाच्या बोटी अगदी समोरासमोर आल्या, तर दोघींनी उजवीकडं वळायचं. रस्त्यावर आपण डावीकडं होतो. समुद्रावर उलटं आहे.

आता रेडिओचं. हा गाण्याचा रेडिओ नव्हे. यावर दोन बोटींची माणसं एकमेकांशी बोलतात. सगळे सोळा नंबरवर कान ठेवतात. बोलताना आपल्या बोटीचं नाव आणि ठिकाण सांगायचं. नाहीतर हाक एकाला आणि ओ भलत्याचीच, असं होतं. जिवावर बेतलं, तर 'मेडे' असं तीनदा म्हणायचं. ते ऐकताच सगळे सावध होतात. पण रेडिओवर बोललं म्हणून नियम बदलत नाही. बोलत बसण्यात वळायची वेळही निघून जाते.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या वाटेवर 'चित्रा' आणि 'खलिजिया' या दोन मोठ्या जहाजांची टक्कर झाली. दोघांवरही रेडिओ होता. माणसं वाचली. पण मालाच्या शेकडो पेट्या पाण्यात पडल्या. तेल सांडून किनाऱ्याला लागलं. बंदर काही दिवस बंद पडलं. कोळ्यांच्या धंद्यालाही फटका बसला. चूक दोन जहाजांची, भोगलं मात्र कितीतरी घरांनी.

म्हणून शेवटचा नियम सगळ्यांत मोठा. वाट तुमची असेल, तर सरळ चाला. उगाच इकडंतिकडं वळू नका. समोरच्याला तुमचा अंदाज आला पाहिजे. पण तो वळत नाही असं दिसलं, तर तुम्ही वळा. माझा हक्क म्हणून अडून बसू नका. वाट मिळणं हा एकाचा हक्क. टक्कर टाळणं हे दोघांचं काम.

गाडीवाटेवरही हेच खरं आहे.