रातपाळीची नोकरी : कोणती धरावी, कशी मिळवावी

"मुलगी नर्सिंगला जायचे म्हणते, पण रात्रीची ड्युटी असते म्हणून तिची आजी ऐकत नाही." "पोराला कॉल सेंटरात बोलावले आहे, रोज रात्र जागून प्रकृती टिकेल का?" बारावीचा निकाल लागला की असे प्रश्न आम्हांला वस्तीत, लग्नकार्यात, कुठेही विचारले जातात. प्रश्न खरे आहेत, आणि त्यांची उत्तरे नुसती 'हो' किंवा 'नाही' अशी नाहीत. म्हणून या वेळी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

रातपाळी आपल्या समाजाला नवी नाही. गावात येसकराची काठी ज्याच्याकडे असे, तो रात्र रात्र वेशीवर जागत असे. सरकारी सांगावा आला की अंधारात दुसऱ्या गावी चालत जाई. याबद्दल पगार नव्हता. बलुते आणि तुटपुंजी वतनाची जमीन, एवढेच. कामाला तास नाहीत आणि मोबदल्याला हिशेब नाही, या व्यवस्थेविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. पुढे माणसे मुंबईच्या गिरण्यांत आली. तिथेही चांगल्या पगाराच्या विणखात्यात त्यांना शिरकाव नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतर कामगारांना तो विटाळ वाटे. तेव्हा जागायचे कसे हे आपल्याला कोणी शिकवायला नको. जागरणाचा दाम कसा घ्यायचा, एवढे मात्र शिकले पाहिजे.

आमचे साधे मत असे की, ज्या रातपाळीत हातात काही परवाना किंवा प्रमाणपत्र राहते, रात्रीचा भत्ता कागदावर असतो आणि चार-सहा वर्षांनी वरच्या जागेवर किंवा दिवसपाळीवर जाण्याची वाट असते, ती नोकरी धरावी. बाकीच्या नोकऱ्या नाइलाज म्हणून कराव्यात आणि लवकर सोडाव्यात.

या कसोटीला पहिली उतरते ती परिचारिकेची नोकरी. यात मुलगेही आहेत हे विसरू नये. बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा अभ्यासक्रम. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी लागते आणि राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ज्यांनी कला वा वाणिज्य शाखा घेतली त्यांनी निराश होऊ नये. जी.एन.एम. हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या बारावीवर करता येतो, मात्र इंग्रजी विषय हवा आणि किमान ४० टक्के गुण हवेत. ए.एन.एम. दोन वर्षांचा आहे. अभ्यासक्रम संपल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाली म्हणजेच परिचारिका. गल्लोगल्ली 'सहा महिन्यांत नर्स' असे फलक लावून जे वर्ग चालतात, त्यांच्या कागदावर ही नोंदणी होत नाही. तो कागद घेतलेली मुलगी दहा वर्षे रात्री जागूनही आयाच्याच पगारावर राहते. असे एक-दोन नव्हे, कितीतरी संसार आम्ही पाहिले आहेत. म्हणून प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी परिषदेच्या मान्यतेच्या यादीत त्या संस्थेचे नाव आहे का, ते आपल्या डोळ्यांनी पाहावे.

रात्रीच्या वॉर्डातले काम हलके असते अशी समजूत आहे, ती चुकीची आहे. डॉक्टर हाकेवर असतात, पण खाटेजवळ असते ती परिचारिकाच. ताप, नाडी, रक्तदाब वेळेवर नोंदणे, सलाईनवर लक्ष ठेवणे, रोग्याचा श्वास बदलला तर ओळखून योग्य वेळी डॉक्टरांना उठवणे, आणि सकाळी पुढच्या पाळीला तोंडी व लेखी हिशेब देणे. ज्या मुलीला रात्री तीन वाजता स्वच्छ अक्षरात नोंद लिहिता येते ती या व्यवसायात कुठेही जाऊ शकते. केरळच्या मुली याच शिक्षणाच्या जोरावर आखाती देशांत आणि युरोपात पोहोचल्या. आपल्या मुली अजून तालुक्याच्या दवाखान्यापाशीच का थांबतात, याचा विचार पालकांनी करावा. रुग्णालयातच प्रयोगशाळा, क्ष-किरण, डायलिसिस आणि रक्तपेढी या खात्यांतही तंत्रज्ञ रात्री लागतात. औषध निर्माण पदविका दोन वर्षांची आहे, आणि चोवीस तास उघड्या औषध दुकानाला नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय चालत नाही.

दुसरी मोठी जागा रेल्वेची. सहायक लोको पायलट होण्यासाठी दहावी आणि ठरावीक ट्रेडमधील आय.टी.आय. किंवा अभियांत्रिकी पदविका पुरते. स्टेशन मास्तरच्या जागेला पदवी लागते. दोन्ही जागांची भरती रेल्वे भरती मंडळाच्या परीक्षेतून होते आणि लेखी परीक्षेनंतर संगणकावर कल चाचणी असते. लोको पायलटला चष्म्याविना पूर्ण दृष्टी लागते आणि रंगांची ओळख चोख लागते. पुष्कळ मुले दोन वर्षे क्लास लावतात, परीक्षा पास होतात आणि वैद्यकीय तपासणीत बाद होतात. डोळे आधी तपासून घ्यायला काय हरकत आहे? मुलींनीही ही वाट आपली नाही असे मानू नये. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८० च्या दशकाच्या अखेरीस इंजिनावर चढल्या आणि २०२५ साली निवृत्त झाल्या. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेच्या कामाला केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे दर तासामागे १० मिनिटांचा जादा हिशेब धरून रात्रभत्ता मिळतो. त्याला मूळ वेतनाची मर्यादा आहे.

केंद्राच्या नोकरीविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो. १९९० च्या कायद्याने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. परंतु अर्जासोबत केंद्राच्या नमुन्यातलेच जातीचे प्रमाणपत्र लागते. राज्याच्या नमुन्यातला कागद जोडून मुले ऐन वेळी अडतात. तहसील कचेरीत हेलपाटे घालायचे ते जाहिरात येण्यापूर्वीच घालावेत. वयात ५ वर्षांची सूट आहे. रेल्वेच्या परीक्षेचे २५० रुपये शुल्क परीक्षेला बसल्यावर बँकेचा खर्च वजा करून परत मिळते. पुण्याच्या बार्टी संस्थेतर्फे रेल्वे व बँकेच्या परीक्षांचे मोफत प्रशिक्षण दिले जाते, आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती नर्सिंगलाही लागू आहे.

कॉल सेंटर व संगणक कंपन्यांची रातपाळी निराळी. आपली रात्र म्हणजे अमेरिकेचा दिवस. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते, म्हणून पाळीची वेळही वर्षातून दोनदा सरकते. बारावी किंवा पदवीवर प्रवेश मिळतो. बोलण्याची आणि टंकलेखनाची चाचणी होते. मराठी माध्यमाच्या मुलांनी इंग्रजीचा बाऊ करू नये. रोज अर्धा तास मोठ्याने वाचले आणि कोणाशी तरी बोलले तर सहा-आठ महिन्यांत जीभ वळते. पण साध्या चौकशीचे फोन आता यंत्रेच घेऊ लागली आहेत. त्यामुळे नुसत्या बोलण्याच्या कामावर विसंबू नये. विम्याचे दावे तपासणे, रुग्णालयांची बिले, सर्व्हर आणि नेटवर्कवर नजर ठेवणे असे काही हाती घ्यावे. ऐरोली-रबाळे भागातल्या डेटा सेंटरना इलेक्ट्रिशियन आणि वातानुकूलनाचे कारागीरही चोवीस तास लागतात. आय.टी.आय.च्या मुलांनी तिकडे पाहावे.

सुरक्षारक्षकाची नोकरी सर्वांत लवकर मिळते आणि माणसाला सर्वांत जास्त वापरून घेते. बारा-बारा तास उभे राहून वर्षानुवर्षे तोच पगार. ती करायचीच तर १९८१ च्या कायद्याखाली चालणाऱ्या सुरक्षारक्षक मंडळात नोंद होते का ते आधी पाहावे. मंडळाचा रक्षक आणि खासगी ठेकेदाराचा रक्षक यांच्या वेतनात व सोयींत फरक आहे.

आता मुलींचा प्रश्न. १९४८ च्या कारखाना कायद्याने बायकांना रात्रीच्या कामाला बंदीच घातली होती. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याने २०१७ साली वाट मोकळी केली, पण अटी घालून. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येते, आणि तिच्या सुरक्षिततेची, तसेच कामाच्या जागेपासून घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नाक्यावर सोडून चालत नाही. २००७ साली पुण्यात रातपाळीला निघालेल्या एका तरुणीचा कंपनीच्या गाडीच्या चालकानेच खून केला, ते प्रकरण विसरण्यासारखे नाही. त्यामुळे मुलाखतीलाच विचारावे : गाडी कोणाची, सोबत रक्षक असतो का, मुलगी शेवटची उतरते की मधली? हे विचारल्याने नोकरी जाते असे नाही. जात असेल तर ती नोकरी नकोच. आजीबाईंनाही आमची विनंती की, 'रात्रीची जाते' म्हणून लोक काय बोलतील याची काळजी करण्यापेक्षा गाडीचा नंबर आणि वॉर्डाचा फोन लिहून घ्यावा.

प्रकृतीचे मात्र आम्ही लपवणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली आणि पुन्हा २०१९ साली रातपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात घातले आहे. झोप तुटते, पित्त वाढते, साखर-रक्तदाब बिघडतो. जन्मभर सलग रातपाळी करू नये. पाळी आलटून-पालटून मिळत असेल तर दर दोन दिवसांनी बदलण्यापेक्षा ती कशी लावतात ते विचारून घ्यावे. मध्यरात्री वडापाव आणि चहावर चहा हे जेवण नव्हे. घरून डबा न्यावा, पाळीच्या उत्तरार्धात चहा बंद करावा आणि सकाळी घरी येताना दुचाकी चालवताना डुलकी येत असेल तर सरळ बसने यावे.

खरी अडचण आहे ती आपल्या दहा बाय बाराच्या खोलीची. एकाच खोलीत कुकरच्या शिट्या, टीव्ही, पोरांचा अभ्यास आणि कोपऱ्यात रातपाळीचे माणूस झोपलेले. पुरुष झोपला असेल तर घर दबक्या पावलांनी चालते. सून रातपाळी करून आली तर मात्र तिने आधी पाणी भरावे, डबे करावेत, मग जमल्यास डोळा लावावा, अशी अपेक्षा असते. हे आम्हांला मुळीच पटत नाही. रातपाळीची नोकरी स्वीकारताना घरात आधीच ठरवावे की सकाळी नऊ ते दुपारी तीन ही तिची रात्र आहे. त्या वेळेत पाणी कोण भरील, मुलांना शाळेतून कोण आणील, हे नावानिशी ठरवावे. खिडकीला जाड, काळा पडदा लावावा आणि शेजाऱ्यांनाही सांगून ठेवावे. एवढी सोय घरात होत नसेल तर पगाराचा आकडा कितीही मोठा असो, ती नोकरी सहा महिन्यांपलीकडे टिकत नाही.