पेरूचा रस, पेक्टिन आणि आपले कल्प

राहाता परिसर पेरूसाठी प्रसिद्ध आहे. हंगामात भाव उतरले की या फळाचे सरबत वा सिरप करावे, असा विचार औषधनिर्मात्यांच्या मनात येणे स्वाभाविक होय. पेरू मूळचा अमेरिका खंडातील असल्याने संहितांत त्याचा पाठ शोधू नये. परंतु रस काढू जाता पहिला अडथळा येतो तो पेक्टिनचा. गर फडक्यात बांधला तरी रस गळत नाही, आणि गळालाच तर गढूळ राहतो.

वनस्पतीच्या पेशींना परस्परांशी सांधणारे हे द्रव्य. फ्रेंच रसायनज्ञ ब्राकोनो यांनी १८२५ मध्ये त्याचे वर्णन केले. गॅलॅक्ट्युरॉनिक आम्लाची ही लांब साखळी असून तिला जागोजागी मिथाइल गट जोडलेले असतात. पेक्टिनएस्टरेज हे विकर ते गट सोडविते, तर पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज व लायेज साखळीच तोडतात. उद्योगात ही विकरे मुख्यतः अ‍ॅस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीपासून, गव्हाच्या कोंड्यावर अथवा द्रव माध्यमाच्या टाक्यांत तयार होतात. बॅसिलस जिवाणूंची क्षारप्रिय विकरे तागाचे धागे सुटे करण्यास उपयोगी पडतात.

गर ४५ ते ५० अंश सेल्सियसवर ठेवून विकर मिसळले की तो सैल होतो व रस मोकळा सुटतो. पेक्टिन उरले की नाही, हे पाहण्यास एक भाग रसात दोन भाग आम्लयुक्त अल्कोहोल घालावे. चिकट गोळा वा तंतू दिसल्यास काम अपुरे आहे. शेवटी ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवून विकर निष्क्रिय करावे.

आता जोखमीची बाब. सुटलेल्या मिथाइल गटापासून मिथेनॉल बनते. फळांच्या रसात ते अल्प प्रमाणात निसर्गतःच असते, तथापि संधानासाठी रस वापरणाऱ्याने त्याची तपासणी करून घ्यावी, असे आमचे आग्रहाचे मत आहे. अरिष्टातील गढूळपणा बहुधा टॅनिन व प्रथिनांचाही असतो. तेथे पेक्टिनेज ओतून पैसा वाया जातो.

शिवाय ग्रंथोक्त औषधास कायद्याने प्रथम अनुसूचीतील ग्रंथांचा पाठच प्रमाण आहे. द्राक्षासवात विकर मिसळून त्यास ग्रंथोक्त म्हणता येणार नाही. च्यवनप्राशात तर विकराचे नावही नको: आवळ्यातील पेक्टिन साखर व आम्लाच्या संगतीत अवलेहास घट्टपणा देते, ते तोडल्यास लेह पातळ होईल.

खर्च वाचविण्यासाठी घरीच बुरशी वाढविण्याचा मोह कोणी करू नये. या बुरशीचे काही वाण ऑक्राटॉक्सिन हे मूत्रपिंडास घातक विष निर्माण करतात. अन्नोपयोगी दर्जाचेच विकर, बॅचच्या तपासणी अहवालासह घ्यावे व त्याची नोंद उत्पादन वहीत ठेवावी.