दूध पुरते की नाही?

“डॉक्टर, हिला दूध पुरत नाही. डबा सुरू करू का?” बारामती-इंदापूर परिसरात बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुलीची आईच बहुधा हे विचारते. मी उलट विचारतो, बाळ लघवी किती वेळा करते? पहिल्या आठवड्यानंतर दिवसरात्रीत सहा किंवा अधिक वेळा होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. प्रत्येक रडणे भुकेचे नसते.

आजीबाई, घरात शब्द तुमचा चालतो, म्हणून तुम्हांसच सांगतो. पहिले पिवळसर चीकदूध टाकू देऊ नका. सहा महिने गुटी नको, पाणीही नको. आपल्याकडचा उन्हाळा ठाऊक असूनही हे म्हणतो. मध तर वर्षभर वर्ज्य.

शंका असल्यास आशाताईंना विचारा. रुग्णालयातील प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी त्यांनी घरी येणे अपेक्षित असते. बाळाला पाजून दाखवायला सांगा. पुष्कळदा चूक केवळ धरण्याच्या पद्धतीत सापडते. डब्याच्या दुधाची जाहिरात १९९२ च्या कायद्याने निषिद्ध आहे, तेव्हा फुकट डबा देणाऱ्याचा सल्ला ऐकू नका. मात्र बाळ सुस्त झाले, पिणे सोडले किंवा आईला ताप येऊन स्तन लाल झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.