‘परिहार’, ‘वेठमाफी’ आणि किमान वेतनांतील सूट

मावळांतील जुनीं दप्तरें चाळणाऱ्यास ‘वेठबेगार माफ’ हे शब्द नवे नाहींत. पण सनद हातीं येतांच आपण शिक्का पाहतों, बिघे मोजतों, आणि ‘माफ’ या शब्दावरून पुढें जातों. माफी कोणास मिळाली, हें विचारावयाचें राहूनच जातें.

‘वेठ’ हें संस्कृत ‘विष्टि’चें रूप, मोलावांचून सक्तीनें करून घेतलेलें काम, असा अर्थ. सूट देण्याची रीतही तितकीच जुनी. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या लेण्यांत, मामाल म्हणजेच मावळ, येथील अमात्यास दिलेली सातवाहनकालीन राजाज्ञा कोरलेली आहे. तींत वलूरकच्या भिक्षूंस करजक गांव देऊन त्यास परिहार दिले आहेत. राजपुरुषांनीं तेथें शिरूं नये, हा त्यांतला एक. वाकाटकांच्या ताम्रपटांत तर सर्व विष्टींचा परिहार स्पष्ट शब्दांनीं येतो. येथें हात आखडतो तो राजाचा. कसणाऱ्याची वेठ खरोखर सुटली, कीं नव्या धन्याकडे गेली, हें एवढ्यावरून ठरत नाहीं. पेशवाईंतही किल्ल्याची डागडुजी, गवतकापणी, ओझीं वाहणें ही वेठ सरकारनें सोडली, तरी इनाम गांवीं ती इनामदार घेऊं शके.

१९४८ च्या किमान वेतन कायद्यानें (त्याची जागा आतां २०१९ च्या वेतन संहितेनें घेतली आहे) मजुरीची खालची मर्यादा ठरविण्याचा अधिकार सरकारास दिला, आणि २६ व्या कलमानें सूट देण्याचाही. अपंग नोकरांचें वेतन आदेशानें वगळतां येई. मालकाच्या घरीं राहणारे, त्याच्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय मुळांतच बाहेर. ज्या धंद्यांत सबंध राज्यांत हजारांहून कमी नोकर, त्याचे दर न ठरविण्याचीही मुभा होती. ताम्रपटांतील परिहार काम घेणाऱ्या राजाचा हात आवरी. ही सूट काम घेणाऱ्या मालकाचा हात मोकळा करी.

हा फरक केवळ कोशकारांचा नव्हे. राजस्थानानें १९६४ सालीं दुष्काळी कामांस मजूर-कायद्यांतून सूट देणारा कायदा केला होता. १९८३ सालीं संजित रॉय खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ती सूट किमान वेतनापुरती अवैध ठरविली. आधार राज्यघटनेच्या २३ व्या कलमाचा. आणि त्या कलमाच्या इंग्रजी पाठांतही शब्द आहे तो आपल्या दप्तरांतलाच, ‘बेगार’.

संग्राहकांस विनंती इतकीच कीं, मावळच्या कागदांत ‘वेठ माफ’ आढळल्यास तेवढेच शब्द न टिपतां मागची-पुढची ओळही उतरून घ्यावी. ती वेठ कोणाकडून कोणास गेली, याचा उलगडा तेथें होण्याचा संभव आहे.