विश्लेषण : स्फोटाने खिडक्या हादरतात, पण संवाद का कळत नाहीत? घरातील होम थिएटरचे नेमके बिनसते कुठे?

पडद्यावरची पात्रे हळू आवाजात बोलू लागली की रिमोटने आवाज वाढवायचा, मारामारी सुरू झाली की घाईघाईने कमी करायचा. घरातल्या ज्येष्ठांनी दर पाच मिनिटांनी ‘काय म्हणाला तो?’ असे विचारायचे आणि शेवटी सबटायटल लावायचे. चांगली स्पीकर यंत्रणा घेतलेल्या घरांतही हे चित्र दिसते. मग आणखी जास्त वॅटचा नवा संच घेण्याचा विचार सुरू होतो. मात्र अनेकदा दोष स्पीकरमध्ये नसतोच. तो स्पीकरच्या जागेत, टीव्हीच्या सेटिंगमध्ये आणि खुद्द हॉलच्या भिंतींमध्ये असतो. त्यामुळे नव्या खरेदीआधी आहे त्याच संचातून काय साधता येईल, हे पाहू या.

५.१ म्हणजे नेमके काय?

५.१ मधील पाच म्हणजे डावा, उजवा, मधला (सेंटर) आणि दोन सराउंड असे पाच स्पीकर. ‘पॉइंट वन’ म्हणजे फक्त खालच्या पट्टीतला, घुमणारा आवाज देणारा सबवूफर. चित्रपटगृहांत डॉल्बी डिजिटलचा हा आवाज १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’ या चित्रपटातून आला. २०१२ मध्ये ‘ब्रेव्ह’पासून डॉल्बी अ‍ॅटमॉस सुरू झाले आणि डोक्यावरून येणाऱ्या आवाजाची त्यात भर पडली. घरच्या संचावर ५.१.२ असे लिहिलेले असेल, तर शेवटचा आकडा वरच्या दिशेने आवाज देणाऱ्या स्पीकरांचा असतो.

यातील प्रत्येकाचे काम ठरलेले आहे. चित्रपटातील बहुतेक संवाद सेंटर स्पीकरमधून येतात. संगीत आणि हालचाल डाव्या-उजव्या स्पीकरमधून, तर पाऊस, गर्दी, मागून येणारी गाडी सराउंडमधून ऐकू येते. म्हणजे संवाद कळत नसतील तर संशयाची पहिली सुई सेंटर स्पीकरकडे वळायला हवी.

संवादच का हरवतात?

एक कारण चित्रपटाच्या ध्वनिमिश्रणात असते. कुजबुज आणि स्फोट यांच्या पातळीत मोठा फरक ठेवलेला असतो. शांत चित्रपटगृहात तो प्रभावी वाटतो. घरात पंखा, रस्त्यावरची वाहने आणि कुकरच्या शिट्ट्या यांच्यात कुजबुज बुडून जाते.

दुसरे कारण आपल्या हातातले आहे. सेंटर स्पीकर टीव्ही युनिटच्या खणात आत ढकललेला असतो. पुढे फुलदाणी, सेट-टॉप बॉक्स किंवा काचेचे दार असते. शब्द ओळखण्यासाठी ‘स’, ‘त’, ‘क’ यांसारखी व्यंजने स्पष्ट ऐकू यावी लागतात. त्यांचा आवाज वरच्या पट्टीतला असतो आणि असा आवाज अडथळ्यामुळे चटकन अडतो. खणात उरतो तो घुमणारा, जाड आवाज.

उपाय सोपा आहे. स्पीकर खणाच्या अगदी पुढच्या कडेला आणा, समोरच्या वस्तू हटवा. तो गुडघ्याच्या उंचीवर असेल तर पुढच्या बाजूला रबराचा तुकडा ठेवून त्याचे तोंड सोफ्यावर बसणाऱ्याच्या कानांकडे वळवा. एवढ्यानेही संवादांत फरक जाणवतो.

दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये स्पीकर कुठे ठेवायचे?

आपल्याकडील फ्लॅटमधील ओळखीची मांडणी घेऊ. हॉल १० बाय १५ फुटांचा, टीव्ही लांब भिंतीवर, सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला. टीव्ही आणि बसणाऱ्याचे कान यांत साधारण ८ फुटांचे अंतर.

डॉल्बीच्या शिफारशीनुसार डावा आणि उजवा स्पीकर बसणाऱ्याच्या सरळ रेषेपासून २२ ते ३० अंशांवर असावेत. ८ फुटांच्या अंतरासाठी हिशेब केला तर दोन स्पीकरांमध्ये साधारण साडेसहा ते सव्वानऊ फुटांचे अंतर हवे. टीव्हीच्या दोन्ही कडांना चिकटवून ठेवले तर आवाज एकाच जागी गोळा होतो. फार लांब नेले तर मध्ये पोकळी जाणवते. उंची बसलेल्या माणसाच्या कानाएवढी ठेवावी आणि तोंड किंचित सोफ्याकडे वळवावे.

सराउंड स्पीकर ५.१ संचात ११० ते १२० अंशांवर, म्हणजे बसणाऱ्याच्या बाजूला पण थोडे मागे असावे लागतात. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर मागे जागाच नसते. अशा वेळी ते सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, कानापेक्षा थोडे वर लावावेत. जागा नाही म्हणून दोन्ही सराउंड टीव्हीशेजारी ठेवले, तर पाच स्पीकर असूनही सगळा आवाज समोरूनच येतो. शक्य असेल तर सोफा भिंतीपासून फूटभर तरी पुढे घ्यावा. त्याचे कारण पुढच्या मुद्द्यात आहे.

सबवूफर एका जागी घुमतो, दुसऱ्या जागी गायब का होतो?

ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे साधारण ११२५ फूट आहे. खालच्या पट्टीतल्या ध्वनिलहरी खूप लांब असतात. ४० हर्ट्झची एक लहर सुमारे २८ फुटांची असते, म्हणजे आपल्या हॉलपेक्षाही लांब. समोरासमोरच्या भिंतींवर आपटून या लहरी एकमेकींत मिसळतात. काही ठिकाणी त्या एकमेकींना वाढवतात, काही ठिकाणी खोडतात.

१० फूट अंतरावरील दोन भिंतींमध्ये हा प्रकार सुमारे ५६ हर्ट्झला होतो, तर १५ फुटांच्या दिशेने सुमारे ३७.५ हर्ट्झला. अशा लहरीचा जोर भिंतीजवळ सर्वाधिक आणि दोन भिंतींच्या बरोबर मध्ये सर्वांत कमी असतो. आता आपला सोफा पाहा. तो मागच्या भिंतीला टेकलेला आहे, म्हणून ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज अकारण फुगतो. तो १५ फुटांच्या मधोमध आहे, म्हणून ३७.५ हर्ट्झचा आवाज जवळपास नाहीसा होतो. सबवूफर कितीही महाग घेतला तरी भिंतींचे हे गणित तेच राहते.

यावर एक जुनी, फुकटची युक्ती आहे. सबवूफर तात्पुरता सोफ्यावर, आपल्या बसण्याच्या जागी ठेवा. घुमणारा, सलग ठेका असलेले गाणे लावा आणि आपण हॉलच्या कडेकडेने रांगत फिरा. जिथे ठेका सर्वांत एकसारखा आणि स्वच्छ ऐकू येईल, ती सबवूफरची जागा. घरातल्यांना हसू येईल, पण यामागचे तत्त्व पक्के आहे. ध्वनीचा स्रोत आणि ऐकणारा यांनी जागा बदलल्या, तरी खोलीचा परिणाम तोच राहतो. कोपऱ्यात ठेवल्यास आवाज सर्वाधिक मिळतो, पण घुमण्याचा धोकाही तिथेच जास्त.

छोट्या स्पीकरांना खालच्या पट्टीचे ओझे देऊ नये. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये ते ‘स्मॉल’ निवडून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवणे, ही सुरुवातीसाठी चांगली जागा आहे. त्याखालचे सगळे सबवूफर सांभाळतो.

टाइल्स आणि काचा आवाज कसा बिघडवतात?

हॉलच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर बारीक, धातूसारखा झंकार आला तर खोली आवाज परतवते आहे. व्हिट्रिफाइड टाइल्स, मोकळ्या भिंती, सरकत्या काचेच्या खिडक्या ही त्याची कारणे. स्पीकरमधून थेट आलेल्या शब्दावर भिंतींवरून परतलेला तोच शब्द चढतो आणि बोलणे गढूळ होते.

यासाठी महागड्या ध्वनिशोषक पट्ट्यांची गरज नाही. टीव्ही आणि सोफा यांच्यामधल्या फरशीवर जाड गालिचा किंवा दुहेरी सतरंजी, खिडकीला जाड कापडाचे चुण्यांचे पडदे, एखाद्या भिंतीला पुस्तकांनी भरलेले कपाट, एवढ्याने वरच्या पट्टीतील झंकार बराच कमी होतो. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावण्याचा सल्ला मात्र विसरलेला बरा. त्यांनी घुमणारा आवाज शोषला जात नाही आणि शेजाऱ्यांकडे जाणारा आवाजही थांबत नाही.

वायर आणि सेटिंगमध्ये काय तपासायचे?

पाच स्पीकर असूनही प्रत्यक्षात दोनच वाहिन्यांचा आवाज ऐकला जात असल्याची शक्यता मोठी असते. त्यासाठी पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

- जोडणी : टीव्ही आणि रिसीव्हर किंवा साउंडबार यांच्यात एचडीएमआय केबल असेल तर ती दोन्हीकडे ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेल्या खाचेतच हवी. टीव्हीच्या हेडफोन खाचेतून किंवा लाल-पांढऱ्या ऑडिओ वायरने जुना संच जोडला असेल, तर फक्त दोन वाहिन्या मिळतात. ऑप्टिकल केबलमधून डॉल्बी डिजिटल ५.१ जाते, अ‍ॅटमॉस जात नाही.
- टीव्हीचे सेटिंग : डिजिटल ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम’वर असेल तर अनेक टीव्ही दोनच वाहिन्या पाठवतात. ते ‘ऑटो’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास-थ्रू’ करून पाहावे.
- अ‍ॅपमधील निवड : ओटीटी अ‍ॅपमध्ये चित्रपट सुरू असताना भाषा आणि ऑडिओच्या यादीत ५.१ चा पर्याय वेगळा दिसतो का, ते पाहावे. प्रत्येक भाषेसाठी तो असेलच असे नाही.
- स्पीकरची वायर : लाल खाचेतील वायर लाल खाचेतच जायला हवी. एकाच स्पीकरची वायर उलटी लागली तर ठेका पोकळ होतो आणि मधला आवाज विरतो. घरातील अंतरासाठी १६ गेजची साधी तांब्याची वायर पुरते.
- मोजणी : रिसीव्हरसोबत छोटा माइक मिळाला असेल तर तो बसण्याच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवून स्वयंचलित मोजणी करावी. त्या वेळी पंखा, एसी बंद ठेवावा. ध्वनीला एक फूट जायला जवळपास एक मिलिसेकंद लागतो. कमी-जास्त अंतरावरील स्पीकरांचा आवाज एकाच क्षणी पोहोचावा, यासाठी ही मोजणी लागते. सोफा हलवला तर ती पुन्हा करावी लागते.

मोजणीनंतरही संवाद दबलेले वाटले तर फक्त सेंटर स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवावी. पूर्ण संचाचा आवाज वाढवण्यापेक्षा हा उपाय जास्त कामाचा.

जास्त वॅट म्हणजे जास्त चांगला आवाज?

खोक्यावरच्या ‘पीएमपीओ’ या आकड्याकडे दुर्लक्षच करावे. तो क्षणिक कमाल शक्तीचा, जाहिरातीसाठीचा आकडा असतो. तुलना करायची तर ‘आरएमएस’ पाहावे. तेही किती महत्त्वाचे? शक्ती ५० वॅटवरून १०० वॅट, म्हणजे दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ लागते, म्हणजे शक्ती दहापट हवी. छोट्या हॉलसाठी वॅटच्या शर्यतीत पैसे घालण्यापेक्षा चांगल्या सेंटर स्पीकरवर घातलेले बरे.

साउंडबार की सुटे स्पीकर?

भाड्याचे घर, वायर लपवायला जागा नाही, भिंतीला भोके पाडता येत नाहीत, अशा वेळी साउंडबार सोयीचा. मात्र त्यात स्वतंत्र सेंटर वाहिनी आहे का, म्हणजे तो किमान ३.१ आहे का, हे आधी पाहावे. स्वतःचे घर आणि टप्प्याटप्प्याने भर घालण्याची तयारी असेल तर रिसीव्हर आणि सुटे स्पीकर अधिक काळ साथ देतात. सुरुवातीला तीन पुढचे स्पीकर आणि एक सबवूफर घेऊन सराउंड नंतर जोडता येतात.

अ‍ॅटमॉससाठी आवाज वर फेकणारे स्पीकर घेताना आधी छताकडे नजर टाकावी. हा आवाज छतावर आपटून खाली येतो, त्यामुळे छत सपाट आणि टणक लागते. डॉल्बीच्या मते साडेसात ते १२ फूट ही त्यासाठी चांगली उंची आहे. आपल्या फ्लॅटची उंची त्यात बसते, पण पायऱ्या-पायऱ्यांचे पीओपी आणि लटकते दिवे असतील तर परिणाम फिका पडतो.

शेजाऱ्यांचे काय?

ध्वनिप्रदूषण नियमन व नियंत्रण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये, असेही नियम सांगतात. म्हणजे घरातला होम थिएटरही नियमांच्या कक्षेत येतो.

भिंतींमधून संवाद सहसा जात नाहीत, जातो तो सबवूफरचा घुमारा. खालच्या मजल्यावर तो स्लॅबमधूनही उतरतो. सबवूफरखाली जाड रबरी पॅड ठेवल्यास फरशीत जाणारा कंप काहीसा कमी होतो. रात्री दहानंतर सबवूफरची पातळी उतरवून ‘नाइट मोड’ सुरू करावा. तो स्फोट आणि कुजबुज यांतील फरक कमी करतो. त्यामुळे शेजाऱ्यांची झोप वाचते आणि संवादही कळतात.

मग सुरुवात कुठून करावी?

सेंटर स्पीकर पुढे ओढणे, टीव्हीचे आउटपुट तपासणे, वायरची लाल-काळी बाजू पाहणे, सबवूफरची जागा शोधणे आणि सोफा फूटभर सरकवणे, या पाच गोष्टींना एक रुपयाही लागत नाही. सुटीच्या दिवशी दोन-तीन तास पुरतात. त्यानंतर गालिचा आणि पडदे. हे सगळे करून ओळखीचा एखादा चित्रपट सबटायटल बंद करून पाहा. घरातल्या आजी-आजोबांना न विचारता गोष्ट कळली, तर नव्या संचाचा खर्च वाचला. तरीही नाही कळली, तर काय बदलायचे आहे हे निदान नेमके ठाऊक असेल आणि दुकानदाराच्या वॅटच्या आकड्यांना भुलून खरेदी होणार नाही.